बगलेतली गाठ

३ फेब्रुवारी १९९२

‘डाळ गिरणीतल्या बायांनो, तुमच्या लेकरांना सुया टोचतात आणि का टोचतात ते कुणीच सांगत नाही!’ – गुरुवारचं भाषण असंच सुरू करायचं. गिरणीमागच्या वस्तीत गोवराची लस द्यायची आहे. नर्स बेबाबाई म्हणाली, "सर, पाच मिनिटं बोला, पुरे." पाच मिनिटं! तेवढ्यात आमच्या प्राचार्यांचा खोकला आटपत नाही.

४ फेब्रुवारी

परिभाषा समितीची यादी आली. ‘प्रतिजन-प्रक्रियन व प्रस्तुतीकरण’! पेशी जंतूला गिळते, त्याचे बारीक तुकडे करते आणि एकेक तुकडा आपल्या अंगावर, बाहेरून दिसेल असा धरते. पहारेकरी पेशी अख्ख्या जंतूकडे ढुंकून बघत नाहीत, त्यांना तुकडाच लागतो. एवढी थरारक गोष्ट, आणि शब्द असा की तहसील कचेरीतला अर्ज वाटावा. अकरा विद्वान! चहाबिस्किटांखेरीज काय केलं असेल?

तरी तेच शब्द वापरणार. सोपं करून सांगायला मी काय कीर्तनकार आहे?

६ फेब्रुवारी

पन्नास मिनिटं बोललो. पोरं रडली तसा आवाज चढवला. मध्येच कलाबाई म्हणून एक, गिरणीत डाळ निवडते, म्हणाली, "म्हंजे पेशी वानगी दखाडस का, सर?"

"बाई, इथं शास्त्र चाललंय, तुरीचा लिलाव नाही!" हशा.

पुन्हा तीच. "मनी पोरले दंडवर टोचं, तं बगलमा गाठ उनी. का बरं?"

"गाठ बगलेत नाही, तुमच्या डोक्यात आहे!"

टाळ्या! गिरणीचे मुनीम शालिग्रामनाना तर उभेच राहिले – "सर, काय जिरवली!" बाई पोरीला पदराखाली घेऊन खाली बसली. टोचायचं काम बेबाबाईचं. मी टाळ्यांतच निघालो.

७ फेब्रुवारी

घसा बसला.

९ फेब्रुवारी

भाषणासाठी पुण्याहून मागवलेला लेख काल टपालाने आला, आज उघडला. कलाबाईच्या पोरीला आधी टोचली ती क्षयाची लस, ती दंडावरच टोचतात. तिथल्या पेशी लशीतले जंतू गिळतात, तुकडे करतात आणि निघतात – कुठे? बगलेतल्या ग्रंथींत! पहारेकरी तिथे जमलेले. तिथेच तुकडा दाखवायचा, तिथेच ओळख पटायची, तिथेच पहारेकऱ्यांची फौज वाढायची. म्हणून ग्रंथी फुगते.

तीनदा वाचलं.

आणि वानगी! मूठभर तूर रुमालात बांधून आडत्यापुढे धरायची. तो मुठीवरून माल ओळखतो, सगळी पोती कोण उघडतो? बाईने एका शब्दात सांगितलं. समितीला झोडतो, प्राचार्यांना हसतो, पण त्या सभेत सगळ्यात मठ्ठ माणूस माईकसमोर होता. उत्तर येत नव्हतं म्हणून टाळ्या घेतल्या. वीस वर्षं हाच धंदा केला की काय?

असो. पोरीला गोवराची लस तर मिळाली असेल. तेवढं तरी झालं.

१३ फेब्रुवारी

बेबाबाई बाजारात भेटली. तोंड फिरवून जात होती, मीच हटकलं.

"सर, तुम्ही यायच्या आधी सत्तावीस आया तयार होत्या. भाषणानंतर नऊ उरल्या. कलाबाई उठली, तिच्यामागं बाकीच्या. म्हणे, ‘गाठ का उनी ते सांगतस नही, मंग सुई का बरं टोची लेऊ?’"

कालपासून वस्तीत गोवर आहे. कलाबाईच्या शेजारच्याच घरात. तिची पोरगी अजून बरी आहे.

उद्या गिरणीचा भोंगा व्हायच्या आत तिच्या दारात जायचं, आणि गाठ का आली ते तिला सांगायचं.