अर्ज विचाराधीन आहे

५ जानेवारी, सकाळी ९.२०

वस्तुस्थिती, घडली त्याच क्रमाने. भावना नंतर.

एक: सुट्टीत कॉलेजचा ऑनलाइन शिकवणीचा प्लॅटफॉर्म बदलण्यात आला. दोन: बदलताना सर्वांच्या जुन्या भूमिका पुसल्या गेल्या. तीन: आज मी लॉगिन केले. चार: माझ्या नावापुढे, म्हणजे तर्कशास्त्राचा विभागप्रमुख, डॉक्टरेट, सव्वीस वर्षे अध्यापन अशा माणसाच्या नावापुढे, एकच शब्द होता: ‘विद्यार्थी’. पाच: माझ्याच कोर्समध्ये मला धडे वाचता येतात, असाइनमेंट जमा करता येते आणि शंका असल्यास हात वर केल्याचे एक पिवळे चित्र दाबता येते. एक अक्षरही बदलता येत नाही. सहा: मी ते चित्र दाबले. कोणीही आले नाही.

भावना: संताप.

११.४०

कॉम्प्युटर विभागातल्या तंत्रज्ञाकडे गेलो. त्याला सारे कॉलेज ‘वायर’ म्हणते. कीबोर्डवर बिस्किटाचा चुरा सांडत त्याने सांगितले की सर, टेन्शन घेऊ नका, सध्या सगळेच विद्यार्थी आहेत, प्रिन्सिपलबाईसुद्धा, फक्त त्यांना अजून कळलेलं नाही. शिक्षकाची भूमिका हवी तर फॉर्म भरा; समितीच्या अध्यक्षांनी मंजूर केलं की पाच मिनिटांत लावून देतो; नियमच आहे तसा.

नियम मला सांगतो! भूमिका आणि अधिकारांची नियमावली दोन वर्षांपूर्वी मीच लिहिली. एकोणीस पाने, एक शब्द जास्त नाही. कलम ७: स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करता येणार नाही. कलम ११: तोंडी काहीही ग्राह्य धरले जाणार नाही. नियमावलीत दोष नाही. दोष ती राबवणाऱ्यात आहे. समितीचे अध्यक्षपद मी सोडल्यापासून प्रिन्सिपलबाईंनी तिथे कोणाला बसवले, ते बाईच जाणोत. आम्ही बोलत नाही.

६ जानेवारी

फॉर्म भरला. तेवीस रकाने. स्थिती: ‘विचाराधीन’.

प्लॅटफॉर्मकडून येणाऱ्या मेल ‘हाय!’ अशी सुरुवात करतात. माझे सहाध्यायीही मला हाय करत नसत. त्या सर्व मेल परस्पर वेगळ्या फोल्डरमध्ये जातील अशी सोय केली. जुन्या प्लॅटफॉर्मसाठी केलेली सोय या नव्याने मोडली होती. तो फोल्डर मी उघडणार नाही.

संकल्प: अर्जाची स्थिती दिवसातून एकदाच पाहायची.

(आज चौदा वेळा पाहिली. पहिला दिवस असल्याने अपवाद.)

९ जानेवारी

परिपत्रक. ३१ तारखेपर्यंत ज्याची शिक्षकाची भूमिका मंजूर होणार नाही, त्याचा कोर्स मंजुरी असलेल्या दुसऱ्या शिक्षकाकडे जाईल. सत्र २ फेब्रुवारीला सुरू.

माझा कोर्स! सव्वीस वर्षे पहिल्या दिवशी मी एकच प्रश्न देत आलो: ‘आपली चूक आपल्याला कशी कळते? दोनशे शब्दांत लेखी उत्तर द्या.’ सव्वीस वर्षांत एकही समाधानकारक उत्तर आलेले नाही. हा प्रश्न मी दुसऱ्याच्या हाती पडू देणार नाही.

१३ जानेवारी

स्टाफरूम. एकूण एकतीस जणांचे अर्ज अडकलेले. भौतिकशास्त्राचे सर म्हणाले की चला, या वयात सगळे एका बाकावर आलो, आता डबेही वाटून खाऊ. हा विनोदाचा विषय नव्हे, हे मी त्यांना सांगितले आणि जबाबदार पदावर झोपा काढणाऱ्या व्यक्तीबद्दल अकरा मिनिटे बोललो. त्या अज्ञात अध्यक्षाला मी ‘कुंभकर्ण’ असे नाव दिले. हशा पिकला. माझ्या बोलण्यावर स्टाफरूम हसल्याचे यापूर्वी आठवत नाही.

फक्त धाकट्या बाई हसल्या नाहीत. ही माझीच विद्यार्थिनी, दीड वर्षापूर्वी विभागात लागली. या सत्रात ऑनलाइन कोर्स चालवल्याशिवाय तिला नोकरीत कायम करणार नाहीत, आणि तिचाही अर्ज अडकलेला. ती म्हणाली की सर, त्यांच्यापर्यंत अर्ज पोचलेच नसतील कदाचित. मी म्हणालो, अज्ञान हा बचाव नव्हे. पेपरात हे लिहिले असतेस तर शून्य दिले असते. ती म्हणाली, हो सर, दिलं होतंत.

१६ जानेवारी, संध्याकाळ

घरी विषय काढला. बायको हॉस्पिटलात हेड नर्स आहे. दिवसभर माणसे उठवते-बसवते, त्यामुळे घरी तिला प्रश्न विचारायची खोड आहे. तिने विचारले की अहो, त्या समितीचे अध्यक्ष तुम्हीच होतात ना? मी सांगितले की होतो. दोन वर्षांपूर्वी भर सभेत, उभे राहून, स्पष्ट शब्दांत मी पद सोडले. दारही आपटले.

लिहून दिलं होतंत का, असे तिने विचारले.

दार इतक्या जोरात आपटले की वरची काच तडकली, हे मी तिला सांगितले. ती ‘बरं’ म्हणाली आणि इस्त्री करू लागली. तिच्या ‘बरं’ने माझा जेवढा अपमान होतो तेवढा प्लॅटफॉर्मनेही केलेला नाही.

२० जानेवारी

निवेदनाचा सातवा खर्डा पूर्ण. मागण्या: नालायक अध्यक्षाची तत्काळ हकालपट्टी, त्याचे नाव नोटीसबोर्डावर ठळक अक्षरांत, सर्व पीडितांची लेखी माफी. धाकट्या बाईंनी ‘नालायक’च्या जागी ‘व्यग्र’ घालण्याची सूचना केली. फेटाळली. दयाबुद्धीने तर्क बिघडतो.

एकतीस सह्या. पहिली माझी, कारण अक्षर माझेच चांगले आहे.

२१ जानेवारी

निवेदन ऑफिसात दिले. हेडक्लार्कने पोचपावतीवर शिक्का मारला आणि म्हणाला की सर, भाषा जरा जहाल झालीय, नाही का. उद्या तो माणूस समोर आला तर? मी म्हणालो, समोर येण्याची हिंमत असती तर ही वेळच आली नसती. बाहेर पडताना व्हरांड्यात तिघांनी हस्तांदोलन केले. नेतृत्व माझ्या अंगी उपजतच असावे. इतकी वर्षे लोकांनी ते वाया घालवले.

संकल्प: स्थिती अजिबात पाहायची नाही.

(सहा वेळा. आंदोलनाचा परिणाम तपासण्यासाठी.)

२७ जानेवारी

प्रिन्सिपलबाईंचे उत्तर, एक ओळ: ‘निवेदन संबंधित अध्यक्षांकडे अभिप्रायासाठी प्लॅटफॉर्मवरून पाठवले आहे.’ आरोपीलाच निकाल लिहायला सांगितला! स्टाफरूममध्ये हे मोठ्याने वाचून दाखवले. भौतिकशास्त्राचे सर म्हणाले की कुंभकर्णाच्या कानाशी ढोल बडवायला हवेत. मी म्हणालो, मुदत संपायला चार दिवस उरलेत. ढोल मी आणतो.

३० जानेवारी, दुपारी १२.१५

वायर माझ्या खोलीत आला. दार लावून घेतले. बस म्हटले तरी बसला नाही.

वस्तुस्थिती क्रमाने.

एक: प्रिन्सिपलबाईंनी त्याला अध्यक्षांपर्यंत निवेदन पोचले का ते पाहायला सांगितले. दोन: त्याने अध्यक्षांचे खाते शोधले. तीन: त्याने मला माझा मेल उघडायला सांगितला. चार: तो फोल्डर. पाच: दोनशे बारा न वाचलेल्या मेल. सर्वांत वर: ‘हाय अध्यक्ष! तुमच्याविरुद्ध एक नवीन निवेदन आले आहे.’ त्याखाली एकतीस सह्या. पहिली सुवाच्य.

मी सांगितले की मी राजीनामा दिलेला आहे. त्याने अगदी हळू आवाजात सांगितले की सर, बाई म्हणाल्या लेखी काही नाही. कलम अकरा. नियमावली तो बरोबर घेऊनच आला होता, त्या पानाशी सुतळी घालून. मग त्याने विचारले की हे बाहेर सांगायचं की राहू दे. तो त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे, असे मी म्हणालो.

संध्याकाळी ७.००

त्याला विवेक नाही. घरी पाऊल टाकताच बायकोने सांगितले की तुमच्या कॉलेजातून फोन होता, कोणी पुरुष होते, कुंभकर्ण उठले का असं विचारत होते. ती हसली नाही. पाणी आणून दिले. तिने हसायला हवे होते.

३१ जानेवारी, सकाळी १०.३०

अध्यक्षांच्या त्या वेगळ्या खात्यातून अर्ज मंजूर केले. तीस. वीस मिनिटे लागली, म्हणजे प्रत्येकी चाळीस सेकंद. धाकट्या बाईंचा अर्ज सर्वांत जुना, २० डिसेंबरचा, सुट्टी लागायच्या आधीचा, नवा प्लॅटफॉर्म येणार एवढेच जाहीर झाले होते तेव्हाचा. ‘भूमिका कशासाठी हवी’ या रकान्यात तिने लिहिले होते: ‘सरांना नवीन सिस्टिम जड जाईल. त्यांच्या कोर्सला मदत करता यावी म्हणून.’

हे वाक्य मी चाळीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ वाचले. मंजूर.

एकतिसावा माझा. बटण राखाडी. कलम ७.

उपाय शोधला. लेखी राजीनामा दिल्यास नवा अध्यक्ष पंधरा कामकाजाच्या दिवसांत नेमला जाईल, कलम १४. नियमावली ठरताना प्रिन्सिपलबाईंचे म्हणणे तीन दिवस असे होते. पंधराच हवेत म्हणून मी टेबलावर हात आपटला होता. दार त्यानंतर.

मुदत आज संपते. नियमावलीत दोष नाही. तीनदा वाचून खात्री केली.

२ फेब्रुवारी, सकाळी ९.००

तर्कशास्त्राचा कोर्स धाकट्या बाईंकडे गेला. विभागात मंजुरी असलेली ती एकटीच. ती काल घरी येऊन गेली. सर, पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे, तुमचा कोर्स तसाच्या तसा ठेवते, एक शब्द बदलणार नाही, असे दारातच म्हणाली. मी म्हणालो, बदलूच नकोस. बायकोने तिला आत बोलावून बसवले आणि दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या.

लॉगिन केले. माझे नाव हजेरीत चौसष्टावे. पिवळा हात दाबला नाही.

९.०५

तिने शब्द पाळला. पहिली असाइनमेंट आली आहे, सर्व विद्यार्थ्यांसाठी:

‘आपली चूक आपल्याला कशी कळते? दोनशे शब्दांत लेखी उत्तर द्या. शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत. तोंडी उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.’