म्हशीचा कासरा

मालदीव, बोटीवरून

तीर्थरूप आईस,

तुझ्या संयोगिताचा समुद्रातून नमस्कार. मी बरी हाय, वेळेवर जेवतीय. तू दिलेली शेंगदाण्याची चटणी बोटीवरच्यांनी कालच संपवली.

आण्णांना जाऊन वर्ष व्हायच्या आत ही फिरायला गेली, असं भावकी म्हणत असेल. म्हणू दे.

तुला माझ्या कानांची काळजी लागली असेल. ते हाय तसंच हाय. खोल गेलं की दडे बसत्यात, नाक दाबून फुंकलं तरी सुटत न्हाईत. म्हणून तर बोट निवडून घेतली. बाकीच्या बोटी ओढीच्या पाण्यात उडी टाकायला लावून भराभर खाली नेत्यात. ही दोर सोडते. पाठीवर हवेची टाकी बांधून, दोर धरून हळूहळू उतरायचं. कान दुखला तर परत यायचं, कोण हसत न्हाय.

दोर म्हटल्यावर मी दुसरी बोट बघितलीच न्हाय. गडमुडशिंगीच्या विहिरीत आण्णा मला कंबरेला म्हशीचा कासरा बांधून सोडायचे, आठवतंय? "कान दुखला की दोनदा हिसका दे पोरी, मी हाय की वर."

म्हशीची धार आता कोण काढतंय गं? तूच?

काल खाली कान लई दुखला. मी दोराला दोनदा हिसका दिला आणि डोळे मिटून थांबले.

मग माझी मीच वर आले.

गोठ्यातला तो कासरा कुणाला देऊ नको.

तुझी,
संयोगिता