रविवारचं रीडिंग

सर,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही उतरत न्हाई. भांडायचं तर तुमच्याशीच होतं, अन् तुम्ही तेवढ्यासाठी थांबले न्हाईत.

बीएस्सीचं शेवटचं वर्ष. परीक्षानळीत आगारच्या जेलीचा घट्ट थर, त्याच्यावर मोरचुदाचं निळं पाणी. निळा रंग थरात किती उतरला, ते रोज त्याच वेळेला पट्टी लावून मोजायचं. अंतराचा वर्ग अन् वेळ यांचा आलेख काढला की विसरणाचा, म्हणजे रंग आपोआप पसरण्याचा, गुणांक मिळतो. मी नळी उचलून बघायला गेलो की तुम्ही खेकसायचे, "हलवू नको! मग ते विसरण न्हाई, तुझी मस्ती मोजशील." माझ्या जोडीला ती होती. ती हळूच म्हणायची, "दुप्पट लांब जायला चौपट वेळ लागतो म्हणं. तुला जमंल का तेवढं थांबायला?" मी रंगाकडं कमी अन् तिच्याकडंच जास्त बघून राहायचो. तुम्हाला सगळं दिसत होतं, सर.

अन् तरी त्या शनिवारी प्रयोगशाळेची किल्ली तुम्हीच आमच्यासमोर टाकली. "रंगाला रविवार नसतो. एकानं पट्टी धरा, एकानं लिहा. दोघंही या." आम्ही आलो, मोजलं, कुलूप लावलं. फाटकातून निघताना तिच्या गावच्या कुणीतरी बघितलं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील कनेरगाव नाक्याकडून गाडीवर आले. अजून दिसतात मला. चप्पल बाहेर काढून प्रयोगशाळेच्या दारात उभे आहेत. "सर, बंद कॉलेजात माझं लेकरू काहून आलं व्हतं?" तुम्ही चष्मा पुसता. मी ओरडतो, "सर, सांगा की! तुमीच धाडलं ना आमाला!" तुम्ही पुसतच राहता. मग म्हणता, "चौकशी करतो."

चौकशी! कशाची चौकशी, सर? 'मीच पाठवलं' एवढं म्हटलं असतं तर तुमची नोकरी जाणार होती का? ती तेव्हा माझ्याकडं बघत नव्हती, तुमच्याकडं बघत होती. नंतर ती कॉलेजात आलीच न्हाई. वर्गात पहिली येणारी पोरगी, परीक्षेच्या आधीच कळमनुरीला सासरी गेली. तुमच्या तासाला बसणं मला झेपलं न्हाई, मीही सोडलं. आता वारंगा फाट्यावर ट्रॅक्टरचे पार्ट विकतो. एक दिवस येऊन तुम्हाला चारचौघांत विचारणार होतो, तेवढ्यात तुमच्या छातीत कळ आल्याचं कळलं. तिथंही तुम्ही सुटले.

हे पत्र कुठं धाडणार? राहील इथंच, दुकानाच्या गल्ल्यात. पण परवा हिंगोलीला आलो तेव्हा तुमच्या गल्लीत शिरलो होतो. निदान काकूंना तरी सगळं ऐकवायचं, असं ठरवूनच. त्या अंगणात वाळवण उलटत होत्या. "कोण रे बाबा?" म्हणाल्या.

"सरांचा विद्यार्थी," तोंडातून निघून गेलं. अन् तुमच्याच घरचा चहा पिऊन आलो.