एक गोळी कमी

१२ जून, गुरु.
ह्यांचा रिपोर्ट आला. वाईट कोलेस्ट्रॉल मार्चमध्ये १८२ होतं, आता ७८. मारुतीला तुपाचा दिवा लावला. डॉ. म्हणाल्या, गोळी चालूच ठेवा. उतरलं तरी कशाला चालू ठेवायची, ते विचारायचं राहिलं.

१५ जून, रवि.
वरच्या सरोजाक्का आल्या होत्या. "ती गोळी वर्षभर घेतली की डोकं चालत नाही हो. माझ्या भावाला पोरांची नावं आठवेनात." ह्यांचं सगळं पाठांतरावर. मुंजीपासून एकेक स्तोत्र पोथी न उघडता म्हणतात. वय त्रेपन्न. तेच गेलं तर

१६ जून, सोम.
जेवणानंतर हातावर बी.पी.ची तेवढीच ठेवली. गिळली. किती आहेत ते हे कधी बघत नाहीत. ह्यांना विचारत बसले असते तर मधुराला फोन गेला असता, मग मुलीचं मला लेक्चर. पथ्य आहेच. नारळ कमी, वड्या उकडून, तळण बंद.

२ ऑग., शनि.
मेडिकलवाले अण्णा कोलेस्ट्रॉलच्या गोळ्यांची पट्टी हातात धरून, कानडीत : "अक्का, ही मात्रे बेडवा?" बेडा, नको म्हटलं. चिठ्ठीकडे पुन्हा बघायला लागले तशी चिठ्ठी काढून घेतली. महिन्याच्या हिशोबात औषधाचा आकडा उतरला. बरं वाटलं. तेही खरंच आहे, म्हणून लिहिते.

२३ नोव्हें., रवि.
सकाळी पूजेला बसले. संकल्प म्हणत होते. संवत्सर, मास, तिथी बरोबर. गोत्राशी थांबले. ठसका लागला वाटलं. मागून म्हटलं, "भारद्वाज, अहो." वळून माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, शब्द नाही. हातातली पळी पडली. तोंड एका बाजूला.
रिक्षा. मधुरा जे. पी. नगरहून थेट हॉस्पिटलात. तिथे पोचेतो जरा बोलायला लागले, जीभ जड.

२४ नोव्हें., सोम.
मेंदूच्या फोटोत डाग. मानेच्या शिरेत चरबीचा थर, त्यातलाच कण वर गेला असणार म्हणे. कोलेस्ट्रॉल पुन्हा १७६.
डॉ.नी विचारलं, गोळी रोज घेता?
हे, अडखळत : "एकही चुकली नाही. ही देते ना हातावर."
मधुरा म्हणाली, "आईचं काम म्हणजे पंचांग, डॉक्टर. इकडचं तिकडे होत नाही." सगळे हसले. मीही

२७ नोव्हें., गुरु.
घरी आणलं. डॉ.चं म्हणणं, गोळी असून एवढं चढतं म्हणजे ती ह्यांना पुरत नाही. जास्त डोसची दिली, जोडीला आणखी एक.
मी विचारलं, ह्यानं विसरायला होतं का हो? म्हणाल्या, "क्वचित कुणाला स्वल्प गोंधळ वाटतो. बंद केली की जातो. असं काही वाटलं तर मला येऊन सांगायचं, आपल्या मनानं थांबवायची नाही." माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत. तरी मान खाली गेली.

४ डिसें., गुरु.
उजवा हात सुधारतोय. शब्द अडतात. मिठाला "ते पांढरं" म्हणाले, मग स्वतःवरच चिडले. बोम्मसंद्र्याला ह्यांच्या कारखान्यात कळवलंय, महिनाभर रजा. जेवणानंतर आता स्वतः गोळ्या मोजतात. तीन. दोनदा मोजतात.

९ डिसें., मंगळ.
घरी आल्यापासून हे देवापुढे बसले नाहीत. पूजा मी करते. आज म्हटलं, संकल्प मी सांगते, तुम्ही नुसतं पाणी सोडा.
"कशाला? तूप सोडलं. गोळी चुकवली नाही. पूजा एक दिवस चुकवली नाही. तरी ह्यानं... मलाच..." पुढचं सापडेना. बोटानं देव्हारा दाखवला.


१० डिसें., बुध.
सरोजाक्का बघायला आल्या. "मी म्हटलं नव्हतं? त्या गोळीनंच केलं!" चहा दिला. बिनसाखरेचा मागितला, तसा दिला.

१२ डिसें., शुक्र.
मधुराला फोन केला, सांगून टाकावं म्हणून. ती ऑफिसच्या मीटिंगमध्ये. "आई, अर्जंट आहे का?" नाही म्हटलं. सरी, मग बोलू, म्हणाली, ठेवला.

१४ डिसें., रवि.
उद्या तपासणी. ह्या गोळ्याही पुरल्या नाहीत तर इंजेक्शन, असं डॉ. म्हणाल्या होत्या. माझ्या खोटेपणापायी ह्यांना सुई टोचणार. तिथे बोलायलाच हवं. पण परक्यांसमोर कळण्याआधी घरात कळलेलं बरं. आणि आळ देवावर आलाय. तो माझा आहे.
देव्हाऱ्यापुढे बसूनच हाक मारली. "अहो, इकडे या. एक सांगायचंय."
"तिथे नाही येणार मी. स्वयंपाकघरात सांग."
खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बसलेत तिकडे. आले म्हटलं, आणि जाण्याआधी ही वही लिहायला घेतली. दुसऱ्यांदा हाक मारली त्यांनी. माझं नाव मात्र बरोबर आलं. वही मिटून जाते सांगायला.