शेऱ्याचा रकाना

गुरुजी,

वाचनालयाची माणसं आपण, आपलं दुखणं एकच. वरून येणारा प्रत्येक कागद आपल्याला अडाणी समजून येतो. मेहकरच्या या दोन खोल्यांत कोण काय वाचतं हे ज्यांनी कधी पाहिलं नाही, ते आपल्याला पुस्तकांची नोंद करायला शिकवतात. तुम्ही असता तर चिडला असता, असं मी दोन वर्षं धरून चाललो आणि तुमच्या वाटचं मीच चिडून घेतलं.

तुम्ही इथे ग्रंथपाल असताना लावलेले कार्डांचे खण अजून तसेच आहेत. लेखक, विषय, क्रमांक यांच्या भानगडीत तुम्ही पडला नाहीत. एका खणावर ‘आजारपणात’, एकावर ‘भांडण झाल्यावर’, एकावर ‘प्रवासाला निघताना’. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीने शेरा. तेलाच्या दुकानातल्या चाचांनी नेलेल्या एका कादंबरीच्या कार्डावर लिहिलंय, ‘शेवट खोटा आहे म्हणतात, तरी पुन्हा नेली.’ मी कॉलेजात असताना टेबलाशी उभा राहून एखाद्या पुस्तकाची थोरवी सांगू लागलो, की तुम्ही मान वर न करता विचारायचे, “काऊन बे, पुस्तक मागून राह्यला का सभा घेऊन राह्यला?” बाकावरची माणसं हसायची. मला राग यायचा आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा हजर.

दोन वर्षांपूर्वीची आपल्या वाचनालयाची वार्षिक सभा. मी अध्यक्ष आहे. जिल्ह्यातली बाकीची वाचनालयं पुस्तकांची नोंद एकाच पद्धतीने करतात, तशीच आपणही करावी असा ठराव पुढे आहे. सगळीकडे तेच रकाने, तोच क्रम, म्हणजे कुठलंही पुस्तक कुठल्याही गावातून सापडेल. समजावून सांगायला एक तरुण ग्रंथपाल बाई आल्या आहेत. मी उठतो. ज्या पद्धतीत आमच्या चाचांना जागा नाही ती आम्हाला नको, म्हणतो. गुरुजींचे हे शेरे म्हणजे या गावाने वाचल्याचा पुरावा आहे आणि तो पुसायला तुम्ही निघालात, असंही म्हणतो. बाई उभ्या राहतात. “सर, शेऱ्यालेही रकाना हाय त्यात. एक शब्द जात नाही.”

ते मी ऐकलं होतं, गुरुजी. पण पहिल्या रांगेत टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि मी आवाज चढवला. बाई खाली बसल्या. ठराव पडला.

गेल्या मंगळवारी संग्रामपूरहून एक शिक्षिका आल्या. त्यांच्या आजोबांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या झाडपाल्यावर एक लहानसं पुस्तक स्वतः छापून घेतलं होतं. घरची प्रत वाळवीने खाल्ली. आईला ते एकदा हातात घ्यायचं होतं, म्हणून त्या शोधत होत्या. जिल्ह्याच्या सामायिक यादीत आजोबांचं नाव त्यांनी कितीदा तरी टाकून पाहिलं. ठराव पडल्यामुळे आपली पुस्तकं त्या यादीत नाहीत. तिथे काही मिळेना, तेव्हा त्या एसटीने एकेक वाचनालय पालथं घालत निघाल्या. आपल्याकडेही सगळे खण उपसावे लागले, तेव्हा दुपारी ‘आजारपणात’मध्ये कार्ड निघालं. त्यावर तुमचा शेरा होता, ‘जपून लिहितो. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणतो.’ तो वाचून त्या हसल्या. पुस्तक हातात दिलं तर त्यांनी ते उघडलं नाही. म्हणाल्या, “आई मागच्या उन्हाळ्यात गेली. तवा हे इथंच होतं का?”

“हाव,” मी म्हणालो. मागवलेला चहा त्यांनी घेतला नाही.

उद्या पुन्हा सभा आहे आणि तोच ठराव आहे. सकाळपासून सभासदांचे फोन येऊन राहिलेत, अध्यक्ष, मागच्यासारखंच दणकून होऊ द्या. उलट बोललो तर खुर्ची जाईल, त्याचं फारसं काही नाही. पण ज्यांनी माझ्या शब्दावर हात वर केले होते त्यांच्या डोळ्यांत बघायचं आहे. तुमच्या नावाची मी ढाल केली होती. हे पत्र धाडायला पत्ता नाही, म्हणून इथेच कबूल करतो: तुमच्या कार्डांवरून मी आयुष्यात एकही पुस्तक शोधलं नाही. मी तुम्हालाच विचारायचो आणि तुम्ही उठून काढून द्यायचे.

त्या ग्रंथपाल बाई काय म्हणाल्या होत्या आणि मी ऐकूनही काय दाबलं, ते उद्या आधी सांगेन. मग एवढंच: माझं मागचं भाषण विसरा आणि ठरावाच्या बाजूने हात वर करा.