सेजलचं दुखणं

सोमवार, १० नोव्हेंबर

सेजलला घेऊन कापड्याहून पोलादपूरला गेले. पाच दिवस पोर धड जेवत नाही, भाकरी तोंडातून काढून टाकते, डोकं भिंतीवर आपटते. डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे बघितलं, मग तिच्या फाइलकडे – आणि पुढचं सगळं फाइलशीच बोलले. "जन्मापासून मतिमंद ना? मग ही मुलं करतात असं." हात लावला नाही. झोपेचं औषध दिलं. आमचा धोंडू भगत निदान नाडी तरी धरतो.

मंगळवार, ११

औषधानं झोपली. उतरलं की पुन्हा भिंत.

शाळेतल्या बाईंचा निरोप – "बरी झाली की पाठवा, बाकीच्यांचा अभ्यास होत नाही." दहा वर्षांत बरी झाली नाही, आता आठवड्यात होईल अशी बाईंची श्रद्धा. माझ्यापेक्षा मोठी.

गुरुवार, १३

सासूबाई म्हणाल्या, "नजर लागली गो पोरीला. मीठ-मिरच्या ओवाळ." ओवाळल्या. ठसका आम्हा तिघींना लागला, नजरेला काही झालं नाही.

मुंबईहून ह्यांचा फोन. "टेन्शन घेऊ नको. डॉक्टर बोलला ना, नॉर्मल हाय." नॉर्मल! सेजलबद्दल हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला. तोही ती उपाशी असताना.

शनिवार, १५

महाडला, मोठ्या डॉक्टरांकडे. डबा घेऊन गेलो, नंबर दुपारी आला. आमच्या आधी एक मुलगा होता, साधी सर्दी. दार उघडंच होतं. त्याचा घसा टॉर्च लावून बघितला, कान बघितले, पोट दाबलं, वर चॉकलेट. म्हणजे टॉर्च चालू होती.

आमच्या वेळी टॉर्च टेबलावरच राहिली. "वय?" मला विचारलं. सेजल आपणहून म्हणाली, "धा." त्यांना ऐकू गेलं नाही. मी "दहा" म्हटल्यावर लिहून घेतलं. मग मला उपदेश – "अशा मुलांसाठी देव खास आया निवडतो."

मी म्हटलं, देवाकडे मी रोज सकाळी जाते, त्याचे निरोप तुमच्याकडे कधीपासून यायला लागले? आधी तिचं तोंड उघडून बघा.

असं म्हणायचं होतं. म्हटलं, "बरं, डॉक्टर."

झोपेचंच औषध. थोडं जास्त.

सोमवार, १७

एकादशी कधीच होऊन गेली, माझा उपास चालूच आहे. ती खात नाही तर घास उतरत नाही.

बुधवार, १९

रात्रभर ताप. सकाळी डावा गाल टम्म सुजलेला. आता फाइलमध्ये बघायची गरज नव्हती, रस्त्यावरून दिसत होता. एसटीतल्या कंडक्टरनंच सांगितलं, "वहिनी, दाताचा डॉक्टर गाठा." त्याला फीसुद्धा नाही.

पोलादपूरला दातांची नवी डॉक्टरीण आली आहे, तेजश्री. पोरगेलीच. सेजल खुर्चीवर बसेना, तर ती स्वतः खाली फरशीवर बसली. आपलंच तोंड उघडून म्हणाली, "माझे दात मोज बघू." सेजलनं सातापर्यंत मोजले. मग विचारलं, "तुला कुठं दुखतंय?" सेजलनं बोट आत घालून दाखवलं. इतकंच. दाढ पोखरलेली, खाली पू.

"आई, ही दोन आठवडे तरी सोसतेय," म्हणाली.

आधीच्या दोन्ही देवमाणूस डॉक्टरांच्या नावानं नारळ फोडावा म्हणते.

सोमवार, २४

सूज उतरली होती, दाढ काढली. भूल दिली तेव्हा माझा हात धरून होती. संध्याकाळी मऊ भात-तूप खाल्लं. "अजून" म्हणाली. दोनदा.

मंगळवार, २५

पाच तारखेच्या पौर्णिमेचं इथं लिहिलं नव्हतं. त्रिपूर पेटवला, खोबऱ्याचा प्रसाद वाटला. सेजलनं तो सगळ्या बायकांसमोर थुंकून टाकला. प्रसाद पायाखाली जाऊ नये म्हणून मी तो उचलला, पदराला पुसला आणि परत तिच्या तोंडात घातला. तोंडावर हात धरला. म्हटलं, चाव.

तिनं चावला.