बँकर-ठाकुरवाडी जोडीची वाटणी

मी, गजानन बाळाराम ठोंबरे, वय ७१, निवृत्त मालगाडी गार्ड, राहणार दहिवली, कर्जत, हे माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे; शंका असल्यास गेल्या रविवारचा डाव आठवावा. कोणाचाही दबाव नाही. बायको शकू आतून "आटपा की लवकर" म्हणते आहे, तो दबाव धरू नये.

१. राहतं घर आणि पोस्टातली शिल्लक शकूची. त्यात कोणी नाक खुपसू नये.

२. माझी शिट्टी आणि हातबत्ती मुलगी हर्षलाला. पत्त्यांचा खेळ तिनेच पुण्याहून आणला. सुरुवातीला सगळ्यांना सारखेच दहा फुसके पत्ते. मग मधल्या बाजारातून चांगले पत्ते घेत आपापला गठ्ठा घडवायचा. त्यात राजे नि किल्ले होते, त्यांच्याशी आमचं जमेना. म्हणून मी लग्नपत्रिका कापून आपल्या घाटाचे पत्ते केले. ते सगळे, खाली वाटलेले चार सोडून, हर्षलाचे.

३. मेहुणा विपुल, राहणार कुंभिवली, याने भजी खात खात 'सिग्नल'ला तेल लावलं आणि पुढे तो पत्ता पाठीवरून ओळखू लागला. त्याला तीन 'रिकामे डबे', म्हणजे आमचे फुसके पत्ते, द्यावेत. ते आपल्या टेंपोत घालून त्याने घरी जावं.

४. आता खरी इस्टेट. 'बँकर' म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणारं इंजिन. त्यावर तीन पत्ते जादा ओढायचे. 'ठाकुरवाडी' हा थांबा. तिथे वापरलेला एक पत्ता परत हाती येतो. फुसके पत्ते आधी काढून गठ्ठा हलका करावा, नाहीतर घाट चढत नाही. मग बँकर खेळा, ठाकुरवाडीने परत घ्या, पुन्हा खेळा. ओढता ओढता पुढची ठाकुरवाडी येतेच. अख्खा गठ्ठा एका खेळीत हातात!

या जोडीवर मी अकरा वर्षं माझा मित्र युनूस याला हरवत आलो. त्याने सारी नोकरी बँकर चालवण्यात काढली. "तुजं इंजिन आलं रं" म्हटलं की तो खुलतो, जुन्या गोष्टी सांगत बसतो आणि माझ्या हाताकडे बघत नाही. नियमांच्या कागदावर मात्र माझ्याच अक्षरात आहे, की बँकर लोणावळ्याला गाडीपासून सुटतो. त्या खेळीत तो परत घेता येत नाही. त्या ओळीवर मी पत्रिकेतला गणपती चिकटवला. गणपतीला कोण उपटणार?

मला याची लाज वाटते. पण युनूसला कळलं तर तो रविवारी यायचा नाही, आणि त्याच्याशिवाय मला करमत नाही. म्हणून हे मी गेल्यावरच त्याला वाचून दाखवावं आणि बँकरचा पत्ता त्याच्या हातात द्यावा.

नेरळचा साईनाथ ऐन वेळी आला नाही, म्हणून साक्षीला युनूसलाच बोलावलं आहे. साक्षीदारांनी फक्त माझी सही पाहायची आहे, मजकूर वाचायचा नाही.

दहिवली, कर्जत. रविवार, ८ फेब्रुवारी २०२६.
(सही) ग. बा. ठोंबरे

साक्षीदार १: डॉ. निशिगंधा भोईर. सही पाहिली. रक्तदाब ठीक.

साक्षीदार २: युनूस इब्राहिम बुबेरे. सही पाहिली. वाचू नको म्हणालास म्हणून सगळं वाचलं. गज्या, तो गणपती शकूवहिनींनी मला सात वर्षांमागंच उचलून दाखवलाय. पयल्या वर्षी दोनदा हरलास तर महिनाभर तोंड दाखवलं नायस, म्हणून गप बसलो. मागून ढकलायचीच नोकरी केली मी, तुला पण ढकलला. बँकर मेल्यावर नको, आत्ताच दे. पत्ते पिस.